पोर शाळेला निघाले, ते परत येईपर्यंत

बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांवर लिहिणारा हा माणूस एकदम शाळेच्या बसवर का बोलू लागला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो. माझे मुख्यालय ज्या गावी आहे, तेथील हायस्कुलाने परिवहन समिती नेमली आणि तिच्यात मलाही घेतले. जानेवारीत, रस्ता सुरक्षा महिन्याच्या निमित्ताने, विद्यार्थ्यांच्या सुरक्षित वाहतुकीवर पुण्यात दोन दिवसांची परिषद भरली. मुख्याध्यापकांना दहावीच्या वर्गांमुळे सवड नव्हती. ते मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच जाऊन या. शेतकऱ्यांच्या घरी तुमची रोजची ऊठबस आहे. ऐकून याल ते लोकांच्या गळी उतरवाल."

तेव्हा दोन दिवसांत जे ऐकले, जे पाहिले आणि त्यातले जे आपल्या गावात करता येण्यासारखे आहे, ते या लेखात मांडतो. पीक वाळले तर पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येते. पोराच्या बाबतीत तसे नाही, एवढे एक कारण हा विषय येथे घेण्यास पुरेसे आहे.

पिवळा रंग आला कोठून?

शिवाजीनगरच्या सभागृहात पहिल्या दिवशी बरीच माणसे जमली होती. आरटीओचे अधिकारी, मुख्याध्यापक, एस.टी.ची मंडळी, बसमालक, चालक आणि आमच्यासारखे खेड्यांतून आलेले काही लोक. पहिल्याच व्याख्यात्यांनी प्रश्न टाकला, "शाळेची बस पिवळी का असते?" कोणी म्हणाले शोभेसाठी, कोणी म्हणाले सरकारी नियम म्हणून. खरी हकीकत मात्र शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत फ्रँक सायर नावाचे ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १९०० साली नेब्रास्कातील मातीच्या ढेकळांनी बांधलेल्या घरात झाला. म्हणजे माणूस शेतीच्या मुलुखातला. १९३७ साली त्यांनी खेड्यांतली मुले शाळेत कशी जातात याची पाहणी केली. कोठे मालमोटारी, कोठे निरनिराळ्या रंगांच्या बसगाड्या, तर कोठे चक्क गहू वाहण्याच्या घोडागाड्यांतून मुले शाळेला जात होती. एका ठिकाणी मुलांत देशप्रेम वाढावे म्हणून बसला झेंड्याचे लाल, पांढरे आणि निळे रंग दिले होते!

सायर यांनी एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात एक परिषद बोलावली. तेव्हाच्या ४८ राज्यांचे प्रतिनिधी, बस बनवणाऱ्या कारखान्यांचे इंजिनिअर आणि रंगांचे जाणकार असे सगळे एकत्र बसले. सात दिवस खल झाला आणि बसची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी अशी एकूण ४४ मानके ठरली. रंग ठरवण्यासाठी लिंबासारख्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत अनेक छटांच्या पट्ट्या भिंतीवर लावल्या होत्या. त्यांतून नारिंगीकडे झुकणारा पिवळा निवडला. भल्या सकाळी आणि दिवस मावळताना, अर्धवट उजेडात, हा रंग लांबून दिसतो आणि त्यावरची काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात, हे त्याचे कारण. सगळी राज्ये या रंगावर यायला १९७४ साल उजाडले.

ही हकीकत ऐकताना एक गोष्ट मनात भरली. शाळेच्या बसची ही मानके ठरली ती खेड्यांतल्या मुलांसाठी. शहरातली शाळा हाकेच्या अंतरावर असते. लांबचा रस्ता, धुके आणि अंधार हे शेतकऱ्याच्या पोराच्याच वाट्याला येतात.

आपल्याकडचा कायदा

आपल्या देशात या बाबतीत जाग आली ती फार मोठी किंमत देऊन. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस कठडा तोडून यमुनेत कोसळली आणि २८ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने काही गोष्टी सक्तीच्या केल्या. बसच्या पुढे आणि मागे 'स्कूल बस' असे लिहिलेले असावे; खिडक्यांना आडवे गज असावेत; प्रथमोपचार पेटी आणि आग विझवण्याचे नळकांडे असावे; दाराला पक्की कडी असावी; वेगाला लगाम घालणारे यंत्र असावे; चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा; मुलांसोबत मदतनीस असावा. आई-बापांपैकी कोणालाही बसमध्ये बसून हे सारे पाहता यावे, असेही त्यात आहे. २०११ साली महाराष्ट्र शासनाने शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असे ठरवले.

नियम चांगलेच आहेत. पण ऐकता ऐकता आमच्याकडची सकाळ डोळ्यांपुढे आली. आमच्या वाड्यावस्त्यांवर पिवळी बस कोठली यायला? तेथे जीप येते, तीनचाकी येते, नाहीतर ट्रॅक्टर येतो. या नियमांचा आणि आमच्या पोरांचा मेळ कसा घालायचा, हाच खरा प्रश्न होता.

मंडई आणि भिडे वाडा

संध्याकाळी सभा संपल्यावर शिवाजीनगरहून भुयारी मेट्रोत बसून मंडईला गेलो. सप्टेंबर २०२४ पासून ही गाडी थेट स्वारगेटपर्यंत जाते. जमिनीखालून मंडई गाठण्याचा अनुभव आमच्यासारख्यांना नवाच. वर आलो तर समोर मंडईची जुनी दगडी इमारत आणि तिचा अष्टकोनी मनोरा. १८८६ साली ती सुरू झाली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. गंमत अशी की, मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्चावा, अशी भूमिका खुद्द जोतीरावांनी घेतली होती.

भाजीचे गाळे पाहत, मेथीच्या जुडीचा भाव विचारत पायी बुधवार पेठेत आलो. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. येथेच १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. राष्ट्रीय स्मारकासाठी ती जागा घेतली आहे.

तेथे उभा राहिलो तेव्हा दिवसभर सभागृहात चाललेली चर्चा निराळ्या अर्थाने कळली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या सोबत जादा लुगडे नेत, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. म्हणजे शाळा काढण्याइतकीच शाळेची वाट निर्धोक करणे ही गोष्ट तेव्हाही अवघड होती. आज वाटेवर शेण फेकणारे नाहीत. त्यांच्या जागी भरधाव गाड्या आहेत. पण वाटेची धास्ती वाटली की आधी मुलीचे नाव शाळेतून कमी होते, हे मात्र अजून सुटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मी ज्या कृषी महाविद्यालयात शिकलो, तेथे चक्कर मारली. १९०७ साली सुरू झालेले हे कॉलेज. भोवती शहर वाढले तरी आतली शेते पाहून जीव सुखावला. परतताना एका शाळेच्या फाटकापाशी थांबलो. पुण्यातही सारे आलबेल नाही, हे तेथे दिसले. तीनचाकीच्या दोन्ही बाजूंना दप्तरे लटकलेली आणि आत मुले दाटीवाटीने कोंबलेली. पण फाटकापाशी एक बाई हातात लाल पाटी घेऊन उभ्या होत्या. पाच-सहा मुले जमली की त्या पाटी आडवी धरून रहदारी थांबवत आणि मुलांना एकदम पलीकडे नेत. खर्च एका पाटीचा आणि अर्ध्या तासाचा. हे मी वहीत टिपून घेतले.

"मग सुरक्षित कोण झालं?"

दुसऱ्या दिवशी चर्चेत एका खेड्याच्या शाळा व्यवस्थापन समितीवरील भगिनी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमची पिवळी बस आमच्या वस्तीवर यायची नाही. आरटीओनं जीप धरली तर पोरं चालत जातील, पण पोरींची शाळा त्याच दिवशी सुटंल. मग सुरक्षित कोण झालं?"

सभागृह गप्प झाले. मग व्यासपीठावरचे एक वयस्कर गृहस्थ उठले. आयुष्यभर एस.टी. चालवून निवृत्त झालेले आणि आता चालकांना शिकवणारे.

"ताई, जीपमध्ये पोरं किती बसतात?"

"अठरा-वीस."

"आणि शिटा?"

"नऊ."

"मग जीप बंद करू नका. दोन खेपा करा. वाढीव डिझेलचा हिशेब मांडून बघा आणि तो सगळ्यांनी वाटून घ्या."

तो हिशेब मी तेथेच मांडला. शाळा ७ किलोमीटरवर आहे असे धरू. दुसरी खेप म्हणजे सकाळी १४ आणि संध्याकाळी १४, असे २८ किलोमीटर जास्त. गाडी लिटरला १४ किलोमीटर देते असे धरले, तर डिझेल २ लिटर. ९० रुपये भाव धरला तर रोजचे १८० रुपये. वीस मुलांत वाटले तर मुलामागे दिवसाला ९ रुपये; शाळेचे २४ दिवस धरले तर महिन्याला २१६ रुपये. चालकाच्या वेळेचे थोडे वर द्यावे लागतील. ज्याची दोन मुले आहेत आणि जो रोजंदारीवर आहे, त्याला हेही जड आहे, हे मी जाणतो. म्हणून आधी एस.टी.चा मार्ग धरून पाहावा. त्याबद्दल पुढे सांगतो.

नंतर ते गृहस्थ आम्हा सर्वांना मैदानावर घेऊन गेले. बसच्या अगदी नाकासमोर त्यांनी तीन फूट उंचीचे प्लॅस्टिकचे पिंप ठेवले आणि एका मुख्याध्यापकांना चालकाच्या जागेवर बसवले. "सर, समोर काय दिसते?" "रस्ता मोकळा आहे," मुख्याध्यापक म्हणाले. खाली उतरून पिंप पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. बालवाडीतले पोर त्या पिंपाएवढेच असते. मग पिंप बसच्या मागे ठेवून पाहिले. तेथे तर ते कोठल्याच आरशात दिसेना.

ते म्हणाले, "लोकांना वाटतं, पोर गाडीत बसलं की धोका सुरू होतो. चढताना आणि उतरल्यावर तो त्याहून मोठा असतो. गाडीभोवतीचे तीन मीटर म्हणजे विहिरीचा काठ समजा." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलाला येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा आणि अंतराचा अंदाज नीट येत नाही. ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे बैलांसकट तीन बैलगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढे अंतर. चालकाचा पाय ब्रेकवर जायलाच एक सेकंद लागतो. तेव्हा 'पोराला कळत कसे नाही' असे म्हणून चालणार नाही. त्याला कळत नाही हे धरूनच आपण व्यवस्था लावली पाहिजे.

गावात काय करता येईल?

परिषदेहून आल्यावर आमच्या समितीपुढे मी पुढील गोष्टी मांडल्या. यांतल्या बऱ्याच बिनखर्चाच्या आहेत.

१. थांबा ठरवा. मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही, अशा बाजूला थांबा असावा. रस्त्याच्या कडेपासून दहा फूट आत चुन्याची रेघ मारावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोणीही रेघ ओलांडायची नाही.

२. उतरल्यावर पाच ढांगा दूर. गाडीतून उतरले की मोठ्या पाच ढांगा बाजूला जायचे आणि गाडी निघून गेल्यावरच रस्ता ओलांडायचा. गाडीच्या पुढून वा मागून लगेच पळायचे नाही. वही किंवा बाटली गाडीखाली गेली तर ती काढायला वाकायचे नाही; चालकमामांना सांगायचे.

३. मोजदाद ठेवा. सकाळी किती बसले आणि शाळेत किती उतरले, हे एका वहीत लिहावे. मोठ्या वर्गातली मुलगी किंवा मुलगा हे काम आनंदाने करतो. खेप संपल्यावर चालकाने मागच्या बाकापर्यंत जाऊन पाहावे. झोपलेले पोर बंद गाडीत राहिले, तर उन्हात ती गाडी बघता बघता भट्टी होते.

४. माणूस उभा करा. शाळा भरताना आणि सुटताना थांब्यावर एक जाणते माणूस असावे. बचत गटातील भगिनींनी पाळी लावून घेतली, तर एकीवर महिन्यातून दोन-तीन दिवसच येतात. हातात लाल पाटी द्यावी.

५. गाडीची पाटी आणि कागद पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर गाडी भाडोत्री वाहतुकीसाठी नोंदलेली असते. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने चालवली तर अपघातानंतर विम्याची भरपाई मिळायला अडचण येते. परवाना, विमा आणि गाडीच्या तंदुरुस्तीचा दाखला पाहायला मागण्यात संकोच कसला? बैल घेताना आपण दात पाहतोच की!

६. ओढणी, पदर आणि दप्तराचे पट्टे आवरा. मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकून झालेले अपघात प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. गाडीत चढण्यापूर्वी ओढणी बांधून घ्यायची सवय मुलींना घरूनच लावावी.

७. पोराच्या हाती मोटारसायकल देऊ नका. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि १२ महिने गाडीची नोंदणी रद्द, अशी तरतूद आहे.

एस.टी.चा मार्ग

अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेला जाण्यासाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि मुलांना सवलतीचा पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांत मुलींसाठी खास निळ्या बसगाड्याही आहेत. पण पुष्कळ ठिकाणी अडचण असते ती वेळेची. गाडी येते, पण शाळेच्या वेळेला येत नाही. अशा वेळी नुसते आगाराला नावे ठेवून भागत नाही. किती मुले, कोणत्या वस्तीची, शाळेची वेळ काय आणि रस्त्याची अवस्था कशी, याची यादी मुख्याध्यापकांच्या सहीने करावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि दोन्ही कागद आगार व्यवस्थापकांकडे नेऊन पोच घ्यावी. ठरावासोबत आकडे असले म्हणजे त्या अधिकाऱ्यालाही वरच्या कचेरीत मागणी मांडता येते. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही तर दुसरा करावा.

आपल्या ट्रॉल्यांचे काय?

शेवटचा मुद्दा खास आपल्या घरातला आहे. दुसऱ्याच्या गाडीचे दोष काढताना आपली ट्रॉली विसरता कामा नये. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवून शाळेत सोडणे हे पुष्कळांना कौतुकाचे वाटते. एक खड्डा आला की ते पोर थेट मागच्या चाकाखाली जाते. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणी बसू नये आणि ट्रॉलीतून मुले नेऊ नयेत, हे कडकपणे पाळावे.

गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर असतात, आणि शाळेला जाणारी मुलेही त्याच रस्त्यावर असतात. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला मुले धावतात आणि पाय घसरतो. मुलांना उसाची कांडी घरी द्या, पण ट्रॉलीमागे धावायची मुभा देऊ नका. प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल चमकपट्टी लावा. ऊस बाहेर आल्याने ती झाकली जात नाही ना, हे पाहा. ट्रॉली बंद पडली तर चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यावरून काढून टाका. तो दगड संध्याकाळी कोणाच्या तरी पोराच्या सायकलखाली येतो.

१९३९ साली त्या मंडळींनी भिंतीवर रंगाच्या पट्ट्या लावून अर्धवट उजेडात काय दिसते याचा विचार केला. आपल्याला एवढा खटाटोप करायचा नाही. आज संध्याकाळी दिवस मावळल्यावर रस्त्याच्या कडेला शंभर पावले लांब उभे राहा आणि आपली स्वतःची ट्रॉली तेथून दिसते का, एवढे पाहा. दिसली नाही तर उद्याच्या बाजारातून चमकपट्टी आणा.

परिवहन समिती आपल्या शाळेत आहे की नाही, ती कधी बसते, तिच्यात गावचे कोण आहे, हे येत्या पालकसभेत विचारा. समिती नसेल तर नेमायला लावा. त्या भगिनींनी सभागृहात विचारलेला प्रश्न खरा होता. गाडी बंद झाली तर मुलगी घरी बसते आणि गाडी खचाखच भरली तर तिच्या जिवाला धोका असतो. यातून मार्ग काढणे एकट्या बापाच्या आवाक्यातले नाही, एकट्या चालकाच्याही नाही. चार घरांनी एकत्र बसून हिशेब मांडला, तर मात्र तो निघतो.